विसावा (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

येशू ख्रिस्तावरील श्रद्धेतून देवाच्या ठायी मिळणारी जिवाची स्वस्थता. अंगाचा शिणवटा जाणे किंवा मन शांत होणे हे या संज्ञेचे आनुषंगिक अर्थ होत. आपले तारण आपल्याच कर्तबगारीने मिळवण्याची धडपड सोडून ते देवाचे दान म्हणून स्वीकारणे आणि त्याच्या सहवासात स्थिरावणे, हा तिचा मुख्य आशय. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन’ (मत्तय ११:२८) या वचनामुळे मराठी वाचकाला हा शब्द परिचित असतो. लगेच पुढच्या वचनात मराठी अनुवाद ‘विश्रांती’ हा शब्द योजतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन्हीकडे शब्द एकाच धातूचे आहेत : आनापाउओ हे क्रियापद व आनापाउसिस हे नाम.

हिब्रू पूर्वपीठिका : जुन्या करारात या कल्पनेसाठी मुख्यतः दोन धातू येतात. ‘शाबत’ म्हणजे थांबणे, काम बंद करणे. शब्बाथ (यहुद्यांचा आठवड्यातील सातवा, विश्रांतीचा दिवस) हा शब्द त्याच्याशी जोडला जातो. ‘नूअह’ म्हणजे टेकणे, स्थिरावणे. त्यापासून ‘मनूहा’ म्हणजे विसाव्याचे ठिकाण. जलप्रलयात नोहाने सोडलेल्या पारव्याला पाय टेकायला जागा मिळाली नाही (उत्पत्ती ८:९), तेथील ‘जागा’ हा शब्द याच धातूचा. तेविसाव्या स्तोत्रातील ‘संथ पाणी’ मुळात ‘विसाव्याचे पाणी’ आहे. अनुवादात दृश्य टिकले, पण शब्दाचा धागा सुटला. ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकात (१२:९) मनूहा म्हणजे वचनदत्त देश, तर स्तोत्र १३२ मध्ये सियोन (यरुशलेमेतील टेकडी) हे खुद्द देवाचे विश्रामस्थान. शब्बाथ पाळण्याची कारणेही दोन दिली आहेत. निर्गम २०:११ मध्ये देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला हे, तर अनुवाद ५:१५ मध्ये मिसरातील दास्यातून झालेली सुटका हे. ख्रिस्ती विवेचनात सृष्टी व सुटका हे दोन्ही धागे उतरले आहेत; दुसऱ्याकडे मात्र भाष्यकारांचे पुष्कळदा दुर्लक्ष झालेले दिसते.

मत्तय ११:२८–३० : विसाव्याच्या आमंत्रणाबरोबर येशू जू देऊ करतो, ही या उताऱ्यातील लक्षणीय गोष्ट. जू हे कामाचे अवजार, आणि थकलेल्याच्या मानेवर ते चढवणे हे वरकरणी विपरीत वाटते. यहुदी परंपरेत नियमशास्त्राच्या अनुसरणाला ‘तोराचे जू’ म्हणत. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या बेन सिराख या ग्रंथातही (५१:२६–२७) ज्ञानाच्या जुवाखाली मान देणाऱ्याला थोड्या श्रमात पुष्कळ विसावा मिळाल्याचे म्हटले आहे. मत्तयने हाच ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवला, की दोघांनी एकच प्रचलित भाषा वापरली, याविषयी मतभेद आहेत. दुसरा पर्याय अधिक सावध म्हणावा लागेल. ‘तुमच्या जिवास विश्रांती मिळेल’ हे शब्द यिर्मया ६:१६ मधले. तेथे सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात विश्रांतीऐवजी ‘शुद्धीकरण’ अशा अर्थाचा शब्द आहे. मत्तयचा पाठ हिब्रूशी जुळतो, त्यामुळे त्याच्यापुढे हिब्रू पाठ किंवा त्याला जवळचे दुसरे भाषांतर असावे. या वचनांपाठोपाठ शब्बाथाच्या दिवशी कणसे मोडल्याचा व वाळलेल्या हाताचा माणूस बरा केल्याचा प्रसंग येतो. अध्यायांची सध्याची विभागणी तेराव्या शतकातील असल्याने आरंभीच्या वाचकांना हा सांधा अधिक स्पष्ट दिसत असणार.

१९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या थोमाच्या शुभवर्तमानातही (वचन ९०) हे आमंत्रण संक्षिप्त रूपात आहे. तेथे थकलेल्यांचा व भाराक्रांतांचा उल्लेख नाही.

इब्री लोकांस पत्र, अध्याय ३ व ४ : संकल्पनेची खरी सैद्धांतिक मांडणी येथे आहे. पत्राचा लेखक अज्ञात आहे. काळ साधारणपणे इ. स. ६० ते ९५ च्या दरम्यान धरला जातो. ‘हे माझ्या विसाव्यात येणार नाहीत’ हे स्तोत्र ९५ मधील देवाचे शपथवचन लेखक घेतो आणि उत्पत्ती २:२ मधील सातव्या दिवसाशी त्याची सांगड घालतो. हिब्रूत हे जमत नाही, कारण स्तोत्रात मनूहा आहे आणि उत्पत्तीत शाबत. सेप्टुआजिंटमध्ये मात्र एकीकडे काटापाउसिस हे नाम व दुसरीकडे त्याचेच क्रियापद आले आहे. समान शब्दावरून दोन वचने जोडण्याची ही पद्धत रब्बींनाही (यहुदी धर्मगुरूंनाही) ठाऊक होती. म्हणजे सगळा युक्तिवाद एका भाषांतराच्या शब्दनिवडीवर उभा आहे. तरीही देव स्वतः जेथे विसावला तेथेच माणसाला बोलावतो, हा त्यातून निघालेला विचार उपरा वाटत नाही.

४:८ मध्ये यहोशवाने (मोशेनंतर लोकांना वचनदत्त देशात नेणाऱ्या पुढाऱ्याने) त्यांना विसावा दिला असता तर देव पुढे दुसऱ्या दिवसाविषयी बोलला नसता, असे म्हटले आहे. ग्रीकमध्ये यहोशवा व येशू ही नावे एकाच प्रकारे लिहिली जातात. १६११ च्या इंग्रजी अधिकृत भाषांतरात तर येथे ‘येशू’ असेच छापले गेले आणि वाचक बुचकळ्यात पडत राहिले. देश देणारा पहिला येशू आणि विसावा देणारा दुसरा, हा श्लेष लेखकाला अभिप्रेत असावा.

४:९ मधील ‘साब्बातिस्मोस’ (मराठीत ‘शब्बाथाचा विसावा’) हा शब्द नव्या करारात एकदाच येतो. तो लेखकानेच घडवला, असे काहींचे मत आहे. प्लुटार्क या ग्रीक लेखकाच्या अंधश्रद्धेवरील लेखात तो आढळतो, परंतु तेथील पाठ वादग्रस्त असून काही संपादक ‘बुडी मारणे’ या अर्थाचा शब्द सुचवतात. ‘शब्बाथ पाळणे’ हे क्रियापद सेप्टुआजिंटमध्ये आधीपासून असल्याने नाम तयार होणे अवघड नव्हते. या शब्दाचा रोख केवळ थांबण्यावर नसून सणासारख्या साजरेपणावर आहे, हे आता बरेच अभ्यासक मानतात.

काटापाउसिसच्या उगमावरील वाद विसाव्या शतकात गाजला. जर्मन अभ्यासक एर्न्स्ट केझमान यांनी १९३९ मध्ये त्यामागे ज्ञेयवादी (ग्नॉस्टिक) कल्पना पाहिली : परक्या जगातून आपल्या स्वर्गीय घराकडे परतणारा आत्मा. ओटफ्रीड होफियुस यांनी १९७० मध्ये हे मत खोडून काढत यहुदी प्रकटनपर वाङ्मयातील (स्वर्गाची व अंतकाळाची रहस्ये सांगणाऱ्या ग्रंथांतील) विश्रामस्थानाकडे, विशेषतः स्वर्गीय मंदिराकडे, लक्ष वेधले. केझमान यांनी आधाराला घेतलेले बरेचसे ग्रंथ पत्रानंतरचे असल्याने होफियुस यांची बाजू वरचढ ठरते. विसावा आताचा की पुढचा, हा प्रश्नही याच अध्यायांतून उद्भवतो. ४:३ मध्ये विश्वास ठेवणारे त्यात ‘येत आहेत’ असा वर्तमानकाळ आहे, तर ४:११ मध्ये येण्याचा यत्न करण्याचा उपदेश. प्रवेश सुरू झाला आहे, पूर्णता बाकी आहे, असा अर्थ घेतल्यास दोन्ही वचने जागच्या जागी राहतात.

पुढील परंपरा : दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने एका दिवसाऐवजी अखंड शब्बाथाची, म्हणजे पापापासून नित्य दूर राहण्याची भाषा केली. बर्नबासच्या नावावरील पत्रात सहा हजार वर्षांनंतरच्या विसाव्याचा हिशेब आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने सुमारे ३९७ ते ४०१ या काळात लिहिलेल्या आत्मनिवेदनाच्या आरंभीच, तुझ्या ठायी विसावेपर्यंत आमचे हृदय अस्वस्थ असते, असे देवाला उद्देशून म्हटले. हे वाक्य फार उद्धृत होते. त्याच ग्रंथाचा शेवट सातव्या दिवसाच्या विसाव्यावर होतो, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

पूर्वेकडील मठांत ‘हेसिखिया’ (निःशब्द स्थिरता) ही साधना वाढली. चौदाव्या शतकात बारलाम या साधूने तिच्यावर टीका केली, ग्रेगरी पालामास या साधूने तिचे समर्थन केले, आणि १३४१ ते १३५१ दरम्यानच्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभांनी पालामासची बाजू उचलून धरली. पश्चिमेत स्पेनमधील जोगीण आव्हिलाची तेरेसा (१५१५–८२) हिने ‘स्वस्थतेची प्रार्थना’ वर्णिली. मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूने मनाची पूर्ण निष्क्रियता हाच विसावा मानला, असा आरोप होऊन १६८७ मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी त्याची ६८ विधाने निषिद्ध ठरवली. विसावा म्हणजे निष्क्रियता नव्हे, ही सीमारेषा या प्रकरणात आखली गेली. जुवाचे रूपक ध्यानात घेता ती मुळातच होती.

प्रॉटेस्टंट परंपरेत भर कर्मांवर नव्हे तर विश्वासावर असल्याने विसाव्याला तारणशास्त्रात स्थान मिळाले. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत (प्रश्न १०३) आपल्या दुष्कर्मांपासून विसावून प्रभूला आपल्यात कार्य करू देणे, आणि सार्वकालिक शब्बाथाचा आरंभ याच जन्मी करणे, असे सांगितले आहे. १८७५ पासून इंग्लंडमधील केझिक येथे भरणाऱ्या मेळाव्यांतून ‘विश्वासाचा विसावा’ ही परिभाषा लोकप्रिय झाली. मृतांसाठीच्या लॅटिन उपासनेतील ‘रेक्विएम’ हा शब्दही विसाव्याचाच वाचक आहे. विसाव्या शतकात कार्ल बार्ट व युर्गेन मोल्टमान या धर्मशास्त्रज्ञांनी शब्बाथाला सृष्टीविचारात पुन्हा महत्त्व दिले.