डग्ग्याचा घिस्सा आणि कानाची नळी

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या घरी एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर दोन इअरफोन शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक साठ हजारांच्या घरातला, प्रत्येक बाजूला सहा ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे इवलेसे घटक, असलेला, माझ्या भाच्याने दोन वर्षे पैसे साठवून घेतलेला. दुसरा दोन हजारांचा, एकाच ड्रायव्हरचा, जेल रोडवरून सहज आणलेला. भाचा तबला शिकतो. ऐकण्यासाठी त्याने एका एकल तबलावादनाचे आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या विलंबित ख्यालाचे अशी दोन ध्वनिमुद्रणे काढून ठेवली होती. ज्या शहरात उस्ताद लहानाचे मोठे झाले, तिथे ही दुसरी निवड कोणीही केली असती. "मामा, आधी हा घाला, मग तो. मला काही सांगावेच लागणार नाही," असे तो म्हणाला. मी तसे केले, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच महागडा इअरफोन अधिक मोकळा, अधिक जवळचा वाटला. मात्र फोनचा आवाज आम्ही दोन्ही वेळा एकाच खुणेवर ठेवला होता, आणि तुलना तिथेच फसली होती.

तेवढ्याच व्होल्टेजला एक इअरफोन मोठा वाजतो आणि दुसरा लहान, कारण प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी असते. हा फरक एकदोन डेसिबलचाच असेल, तर ऐकणाऱ्याला आवाज वाढल्याचे जाणवत नाही. त्याला स्वर भरीव आणि तपशील स्पष्ट वाटू लागतात. याचे एक कारण १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत केलेल्या मोजणीतून पुढे आले. आपला कान सर्व उंचीच्या स्वरांना सारखा प्रतिसाद देत नाही, आणि एकंदर पातळी वाढली की खर्जातले स्वर मधल्या स्वरांच्या मानाने अधिक वेगाने मोठे भासू लागतात. त्यामुळे नुसता आवाज वाढवला तरी खर्ज सुधारल्यासारखा वाटतो. आम्ही जाड सिलिकॉनच्या नळीचा अडीच सेंटिमीटरचा तुकडा कापला, त्याच्या एका टोकाला इअरफोन आणि दुसऱ्या टोकाला छोटा मायक्रोफोन घट्ट बसवला, ५०० हर्ट्झचा एकच स्वर वाजवला आणि दोघांची पातळी जुळवून घेतली. ही व्यवस्था प्रयोगशाळेच्या तोडीची मुळीच नाही, पण पातळी जुळवण्यापुरती ती पुरते. पातळी जुळल्यावर मघाचा मोकळेपणा बराचसा ओसरला. भाच्याचा चेहरा थोडा उतरला, आणि मला त्याचे वाईटही वाटले, कारण त्याचे कान खोटे बोलत नव्हते. त्यांना प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कानात घालायचा इअरफोन हे स्वतःपुरते पूर्ण असे यंत्र नाही. त्याच्या टोकापासून कानाच्या पडद्यापर्यंत जी हवा कोंडली जाते, ती त्या यंत्राचा अर्धा भाग असते, आणि हा अर्धा भाग ज्याचा त्याला घरूनच आणावा लागतो.

प्रौढ माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचे एक टोक उघडे आणि दुसरे पडद्याने बंद असल्यामुळे, तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीचा स्वर तिच्यात घुमतो. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर हा स्वर ३४०० हर्ट्झच्या आसपास येतो. कानाच्या पाळीतल्या खोलगट भागाचीही त्यात भर पडत असल्याने प्रत्यक्षात तो ३००० हर्ट्झच्या जरासा खाली सापडतो. जन्मापासून आपण सगळे जग या अनुस्पंदनातून, म्हणजे त्या पट्ट्यात दहा डेसिबलहून अधिक उचल घेऊनच ऐकत आलो आहोत. इअरफोनने नळीचे तोंड बंद केले की ही उचल नाहीशी होते. म्हणून चांगला इअरफोन करणाऱ्याला ती आपल्या रचनेत मुद्दाम घालावी लागते, आणि आलेखावर सरळ रेषा दाखवणारा इअरफोन कानात मात्र मिणमिणता आणि दूरचा वाटतो.

तोंड बंद झाल्यावर नळीत वेगळाच अनुस्पंदनस्वर तयार होतो. आता ती दोन्ही टोकांनी बंद असते, आणि तिच्यात लांबीच्या दुप्पट तरंगलांबीचा स्वर घुमतो. टोक आणि पडदा यांच्यात २० मिलिमीटर अंतर उरले, तर ढोबळ हिशेबाने हा स्वर ८६०० हर्ट्झच्या जवळ येतो. तोच इअरफोन पाच मिलिमीटर आत सरकवला, तर तो ११४०० हर्ट्झच्या पुढे जातो. एकच इअरफोन एकाला "कर्कश" आणि दुसऱ्याला "रेशमी" वाटतो, याचे बरेचसे उत्तर या पाच मिलिमीटरांत आहे. हे लक्षात आल्यापासून दुसऱ्याच्या कानाने लिहिलेल्या तिखट-गोड वर्णनांवर विसंबून एवढा खर्च करावा, असे मला वाटत नाही.

खर्जाचा प्रश्न याहून सोपा आणि याहून निर्दय आहे. बंद नळीत खर्जाचे स्वर वाजतात ते कोंडलेल्या हवेवरचा दाब कमीजास्त करून. टिप, म्हणजे इअरफोनच्या टोकाची मऊ टोपी, आणि कातडी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी तो दाब बाहेर निसटतो आणि खालचे स्वर गळून पडतात. हे ऐकण्यासाठी आम्ही आधी तंबोरा घेतला, आणि तो निरुपयोगी ठरला. काळी एकच्या षड्जाचा, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झचा, तंबोरा असेल, तर खर्जाची तार ६९.३ हर्ट्झला लागते. पण आम्ही मुद्दाम टिप ढिली केली तरी खर्ज ऐकू येतच राहिला. याचे कारण जवारीत, म्हणजे घोडीवर तार घासून उमटणाऱ्या झंकारात, आहे. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिताना दाखवून दिले, की घोडीच्या पसरट वळणामुळे या वाद्यांच्या तारेत असे हार्मोनिकही, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वरही, जोमाने उमटतात, जे छेडण्याच्या जागेचा विचार केला तर नियमाप्रमाणे उमटूच नयेत. ही वरची रांग शाबूत असली, की मूळ स्वर प्रत्यक्षात जवळजवळ पोचला नाही तरी मेंदू त्या रांगेवरून तो जुळवून घेतो. लहानशा मोबाइलच्या स्पीकरवरही तंबोऱ्याचा खर्ज ओळखू येतो, तो असाच.

मग भाच्याने डग्गा लावला. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेल्या घिस्स्यात वरच्या हार्मोनिकांचा आधार फारसा नसतो. तिथे खालचा स्वर खरोखरच पोचावा लागतो. दोन हजारांच्या इअरफोनमध्ये डाव्या कानाला घिस्सा व्यवस्थित खाली उतरत होता, उजव्या कानाला मात्र "घे"चा नुसता ठोका ऐकू येऊन पुढची मींड हवेत विरत होती. साठ हजारांच्या इअरफोनमध्येही उजवीकडे हेच घडत होते, आणि आतापर्यंत त्याचा दोष भाचा ध्वनिमुद्रणाला देत आला होता.

ड्रायव्हरच्या संख्येविषयी फार बोलण्यासारखे नाही. डायनॅमिक ड्रायव्हरमध्ये चुंबकाच्या फटीत कॉइल हलते आणि तिला जोडलेला पडदा हवा ढकलतो. बॅलन्स्ड आर्मेचरमध्ये चुंबकांमधली धातूची इवलीशी पट्टी थरथरते आणि एका काडीतून पडद्याला हलवते. हा दुसरा प्रकार श्रवणयंत्रांतून आला, आणि १९९१ साली एटिमॉटिक या कंपनीने ईआर-४ या इअरफोनमध्ये बाजूला एक असाच ड्रायव्हर वापरून जो दर्जा गाठला, त्याची वाखाणणी अजून होते. सहा ड्रायव्हर म्हणजे सहापट तपशील, हे समीकरण मला पटत नाही. ते स्वरपट्टे आपसात नीट जोडणे हे अवघड काम मात्र त्यांच्याबरोबर येते. २०१७ साली ब्रीबार्ट या संशोधकांनी २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली, त्यात कानात घालायचे प्रकारही होते. स्वरपट्टीवरचा प्रतिसाद आणि किंमत यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही. महाग वस्तूत बांधणी, वायर, टिकाऊपणा आणि दोन बाजूंमधला सारखेपणा चांगला असू शकतो, आणि त्यासाठी पैसे मोजण्यात काहीच गैर नाही.

आता इअरफोनला वाजवणाऱ्या उपकरणाकडे वळू. भाच्याकडे एक जुना खिशातला प्लेयर आहे, आणि त्यावर सहा ड्रायव्हरचा इअरफोन "गढूळ" वाजतो अशी त्याची तक्रार होती. ही तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर ओहमच्या नियमात मिळते. अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध, सर्व स्वरांना सारखा नसतो; समजा, तो एका स्वराला ८ ओहम आणि दुसऱ्याला ३२ ओहम आहे. प्लेयरचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल, तर पहिल्या स्वराला व्होल्टेजचे १८ पैकी ८ भाग मिळतात आणि दुसऱ्याला ४२ पैकी ३२. म्हणजे दोघांत सुमारे ४.७ डेसिबलचा फरक पडतो, आणि तो इअरफोन करणाऱ्याने ठरवलेला नसतो. तोच आउटपुट इम्पीडन्स १ ओहमवर आणला, तर फरक पाऊण डेसिबलवर येतो. फोनला इअरफोन जोडण्यासाठी लावायच्या अनेक लहान डोंगलांचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे असे डोंगल जुन्या भारदस्त प्लेयरला सहज मागे टाकू शकते.

ताकदीची काळजी मात्र बहुतेक वेळा अनाठायी असते. एका मिलिवॉटला ११० डेसिबल देणाऱ्या इअरफोनला ८० डेसिबलसाठी मिलिवॉटचा हजारावा भाग पुरतो. एवढ्या संवेदनशील इअरफोनला जादा शक्तीचा ॲम्प्लिफायर जोडला, की शांत जागी त्याची बारीक सूं ऐकू येऊ लागते, आणि आवाज नकळत फार वाढण्याचा धोकाही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. रोज रियाजाची ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्या मुलाने हा हिशेब कायम मनात ठेवायला हवा. उच्च रिझोल्यूशनच्या फायलींबद्दल एवढेच सांगतो, की सीडीच्या १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात. माझ्या वयाच्या कानांना त्यातलेही वरचे टोक ऐकू येत नाही.

संध्याकाळी आम्ही टिपांची डबी उघडली. भाच्याच्या उजव्या कानाची नळी डाव्यापेक्षा रुंद निघाली. दोन कानांत असा फरक बऱ्याच जणांना असतो. डावीकडे मधल्या मापाची टिप तशीच ठेवली, उजवीकडे मोठी बसवली, पाळी मागे ओढून इअरफोन आत सरकवला, पातळी पुन्हा जुळवली आणि प्लेयरऐवजी डोंगल जोडले. मग मी पाठ फिरवून इअरफोन बदलत राहिलो आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. डग्ग्यावर त्याला दोघांत निवड करता आली नाही. तंबोऱ्याच्या जवारीत मात्र तो दर वेळी साठ हजारांच्या इअरफोनवर थांबला. तिथे हार्मोनिक एकातून एक उलगडत जाताना वेगवेगळे ऐकू येत होते, आणि ते मलाही ऐकू आले. "उजवीकडे घिस्सा उतरतोय, मामा," असे म्हणून त्याने तेच आवर्तन पुन्हा लावले.