गरोदरपण, स्तनपान आणि हाडांचे आरोग्य

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या सांगाड्यात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातला बहुतेक भाग शेवटच्या तीन महिन्यांत साठतो. हे कॅल्शियम आईच्या रक्तातून वारेमार्गे बाळाकडे जाते. ते पुरवण्यासाठी गरोदरपणात 'ड' जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप दुपटीहून अधिक वाढते आणि आतडी अन्नातून जवळजवळ दुप्पट कॅल्शियम शोषून घेऊ लागतात. आहार बरा असेल तर आईच्या हाडांना फारशी झळ लागत नाही. दातांतले कॅल्शियम बाळ ओढून घेते हा समज चुकीचा आहे. या काळात हिरड्या सुजतात, उलट्यांमुळे दातांवर आम्ल येते, त्यामुळे दात बिघडतात.

स्तनपानात मात्र गणित बदलते. दुधावाटे रोज २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम जाते आणि आतड्यांचे वाढीव शोषण आता थांबलेले असते. इस्ट्रोजेन हे हाडे जपणारे स्त्री-संप्रेरक कमी झालेले असते आणि स्तनांतून स्रवणारे एक संप्रेरक हाडांतले कॅल्शियम मोकळे करते. पहिल्या सहा महिन्यांत मणक्यांची घनता साधारण ३ ते १० टक्के उतरते. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊनही ही घट फारशी थांबत नाही, कारण ती शरीराने स्वतःच ठरवलेली सोय आहे. अंगावरचे दूध तुटले की सहा महिने ते वर्षभरात हाड पुन्हा भरते. मोठ्या पाहण्यांत जास्त बाळंतपणे किंवा दीर्घ स्तनपान यांमुळे उतारवयात हाडे मोडण्याचा धोका वाढल्याचे सर्वसाधारणपणे दिसलेले नाही. हाडांच्या धास्तीने बाळाचे दूध तोडू नये, हे घरच्यांनीही ध्यानात घ्यायला हवे.

कोल्हापूर हा म्हशीच्या दुधाचा मुलूख. गंगावेशीतल्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून दूध मिळते. मोठा पेलाभर म्हशीच्या दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तरीही अनेक घरांत सकाळ-संध्याकाळचे दूध डेअरीला जाते आणि सुनेच्या वाट्याला चहापुरतेच उरते. चंदगड, आजरा, गगनबावडा भागातली नाचणी हा दुसरा मोठा आधार आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. बाळंतिणीला देतात तो मटणाचा अळणी रस्सा अंगाला ऊब देतो, पण नळ्या कितीही उकळल्या तरी त्यात कॅल्शियम थोडेच उतरते. रस्सा द्यावा, पण तो दुधाची जागा घेत नाही.

बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर पडू न देण्याच्या प्रथेचा एक तोटा ठळक आहे. 'ड' जीवनसत्त्व तयार व्हायला त्वचेवर थेट ऊन पडावे लागते, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही. कोवळ्या उन्हापेक्षा दुपारच्या सुमाराचे थोडे ऊनही जास्त कामाचे असते. परसात किंवा गच्चीवर थोडा वेळ बसता आले तरी चालते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर स्त्रीला रोज १००० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, 'ड' जीवनसत्त्वासह, देतात. ती जेवणासोबत घ्यावी. लोहाची गोळी मात्र किमान दोन तासांच्या अंतराने घ्यावी, कारण एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. आशाताई गोळ्यांची दोन पाकिटे हातात देतात तेव्हा हे अंतर विचारून घेणे बरे.

क्वचित एखादीला गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मणके चेपले जाऊन अस्थिभंग होतात. हे बहुधा पहिल्या खेपेला घडते. "बाळंतपणापासनं कंबर धरलीया" म्हणत अशी दुखणी अंगावर काढली जातात. बहुतेक कंबरदुखी स्नायूंची आणि वाकून पाजण्याची असते. पण बाळ उचलताना एकाएकी पाठीत कळ आली, ती झोपूनही थांबेना किंवा उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर शेक-मालिशीवर न थांबता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) घेतलेल्या स्त्रियांनी तर ही खबरदारी आधीपासूनच घ्यावी.