पहिला आठवडा कुणाचा?

'टेक दॅट' हा मँचेस्टरचा पाच पोरांचा पॉप ग्रुप १९९६ च्या फेब्रुवारीत फुटला, तेव्हा ब्रिटनमध्ये रडणाऱ्या मुलींना धीर द्यायला टेलिफोन हेल्पलाइन सुरू कराव्या लागल्या. पाचांपैकी रॉबी विल्यम्स त्याच्या सात महिने आधीच बाहेर पडला होता. वय २१. गाणी लिहायचा, पियानोवर बसायचा तो गॅरी बार्लो. ग्रुपचा कणा तोच. त्यामुळे पुढे एकट्याच्या बळावर कोण मोठा होणार, याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यासारखं होतं.

दर आठवड्याच्या खपावरून गाण्यांचे क्रमांक लावणाऱ्या चार्टनंही तेच सांगितलं. जुलै १९९६ मध्ये बार्लोचं पहिलं एकट्याचं गाणं 'फॉरेव्हर लव्ह' थेट पहिल्या क्रमांकावर आलं. पाठोपाठ विल्यम्सनं जॉर्ज मायकलचं 'फ्रीडम' नव्यानं गायलं, ते दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. १९९७ मध्ये बार्लोचं दुसरं सिंगल (म्हणजे सुटं विकलं जाणारं गाणं) पुन्हा पहिलं आलं, अल्बमही पहिला. विल्यम्सची त्या वर्षातली पहिली तीन सिंगल्स मात्र २, ८, १४ अशी पायऱ्या उतरत गेली आणि त्याचा पहिला अल्बम अकराव्या क्रमांकावर आला.

आता दोन वर्षं पुढे जाऊ. १९९९ मध्ये बार्लोचा दुसरा अल्बम पस्तिसाव्या क्रमांकाच्या वर चढू शकला नाही आणि रेकॉर्ड कंपनीनं त्याच्याशी असलेला करार संपवला. विल्यम्सचा तो अकरावा आलेला अल्बम मात्र बाजारात येऊन २८ आठवडे झाल्यावर, एप्रिल १९९८ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला होता. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मैदानावर त्याला ऐकायला तीन रात्रींत मिळून पावणेचार लाख माणसं आली.

दैव फिरलं, असं म्हणून हे सोडून देता येईल. पण आकडे नीट वाचले तर निकालाची चाहूल १९९७ सालीच लागत होती. आपण फक्त चुकीच्या आठवड्याकडे बघत होतो.

चार्ट नेमकं काय मोजतो, ते आधी पाहू. ब्रिटनचा पहिला सिंगल्स चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ चा. एका संगीत साप्ताहिकाचे पर्सी डिकिन्स यांनी विसेक दुकानांना फोन करून खपाची विचारणा केली आणि यादी लावली. (आपली बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवर ३ डिसेंबर १९५२ ला सुरू झाली, म्हणजे तीन आठवड्यांनी. 'पायदान' हा शब्द ज्यांच्या कानांत अजून आहे, त्यांना चार्टची ओढ वेगळी समजावून सांगायला नको.) पुढे फोनच्या जागी डायऱ्या आल्या, मग संगणक, मग बारकोड. टेक दॅटच्या काळात एखादी मुलगी कॅसेट घेऊन काउंटरवर गेली की 'टिप' असा आवाज व्हायचा आणि एक आकडा वाढायचा. त्या 'टिप'मध्ये एक गोष्ट कधीच नोंदली जात नव्हती: ही मुलगी गाणं ऐकून आली आहे, की भिंतीवर पोस्टर लावलेल्या गायकासाठी न ऐकताच आली आहे?

या दोन गिऱ्हाइकांमधला फरक गणितात मांडला तो अमेरिकन अभ्यासक फ्रँक बास यांनी, १९६९ मध्ये. त्यांच्यापुढे गाणी नव्हती. फ्रीज, टीव्ही, एअर कंडिशनर यांचा खप होता. त्यांनी खरेदीमागच्या दोन प्रेरणा वेगळ्या काढल्या. काही जण दुसऱ्या कुणाकडे न बघता स्वतःहून घेतात. बाकीचे आधी घेतलेल्यांचं पाहून घेतात. या दोन प्रेरणांचं प्रमाण बदललं की खपाच्या आलेखाचा आकारच बदलतो.

एक कागद घ्या आणि दोन काल्पनिक गाणी मांडा. पहिल्या गाण्याला १०,००० कट्टर चाहते आहेत, त्यांच्याबाहेर कुणी नाही. दर आठवड्याला उरलेल्यांतले निम्मे जण ते विकत घेतात. खप होईल ५०००, २५००, १२५०, ६२५, ३१२. दुसऱ्या गाण्याला पहिल्या आठवड्यात फक्त ६०० गिऱ्हाइकं मिळाली, पण ऐकलेला माणूस दुसऱ्याला ऐकवतो आणि खप दर आठवड्याला दीडपट होतो: ६००, ९००, १३५०, २०२५, ३०३७. तिसऱ्याच आठवड्यात दुसरं गाणं पुढे गेलं. खरा बाजार इतका सरळ चालत नाही आणि दीडपटीची वाढही कुठेतरी थांबतेच. पण चार्टच्या इतिहासात कायमचा कोरला जातो तो 'सर्वोच्च क्रमांक', आणि पहिल्या गाण्याला तो मिळतो पहिल्याच आठवड्यात, चाहत्यांच्या जोरावर.

ग्रुप सोडलेल्या गायकाचं पहिलं गाणं बहुधा या पहिल्या जातीचं असतं. तो एकटा गात असतो, पण काउंटरवर रांग लावलेली असते ग्रुपच्या चाहत्यांनी. ती वडिलोपार्जित ठेव आहे. म्हणून पहिल्या आठवड्याच्या आकड्यातून ग्रुप किती मोठा होता ते कळतं. गायकाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल तर दुसऱ्या महिन्यात काय होतं ते बघायचं.

डिसेंबर १९९७ मध्ये विल्यम्सचं 'एंजल्स' आलं. सातव्या क्रमांकावर शिरलं, चढून चौथ्यापर्यंत गेलं, त्यापुढे कधीच नाही. नुसता क्रमांक पाहिला तर बार्लोच्या दोन सिंगल्सपुढे ते फिकं. पण ते महिनोन्‌महिने विकलं जात राहिलं, एकट्या ब्रिटनमध्ये त्याचा खप दहा लाखांवर गेला आणि अकराव्या क्रमांकावरून घसरलेल्या अल्बमला त्यानंच हाताला धरून वर आणलं. २८ व्या आठवड्यात पहिला क्रमांक! या सगळ्या आकडेवारीत मला हाच आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. जुने चाहते २८ आठवडे थांबत नाहीत. तोवर काउंटरवर आलेली माणसं नवीच असणार.

क्रमांकाची आणखी एक खोड. तो आपल्याबद्दल बोलतो तितकाच शेजाऱ्याबद्दलही बोलतो. 'फॉरेव्हर लव्ह' एक आठवडा पहिलं राहिलं आणि लगेच स्पाइस गर्ल्सच्या 'वॉनाबी'नं त्याला खाली ओढलं. ते गाणं सात आठवडे हललं नाही. 'फ्रीडम' त्याच सात आठवड्यांत येऊन थडकलं. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातल्या या अंतरात दोन गायकांच्या गुणवत्तेचा वाटा किती आणि कॅलेंडरचा किती?

आता नशिबाचा मुद्दा. तो टाळता येणार नाही, कारण तो प्रयोगानं तपासला गेला आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा हा प्रयोग २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांनी एका संकेतस्थळावर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली आणि १४,३४१ जणांना बोलावलं. ऐका, गुण द्या, हवं ते फुकट उतरवून घ्या. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त विभागलं होतं आणि आपल्या जगात कुठलं गाणं किती वेळा उतरवलं गेलं, तो आकडाही त्यांना दिसे. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. तरी प्रत्येक जगात यादी वेगळी लागली. एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं काहीही झालं.

'एंजल्स'लाही दुसरं जग भेटलंच. टेक दॅटची फारशी ओळख नसलेल्या अमेरिकेत ते ५३ व्या क्रमांकावर थांबलं. गाणं तेच आणि आवाजही तोच. हा काही नियंत्रित प्रयोग नव्हे, तिथली रेडिओ स्टेशनं वेगळी, अभिरुची वेगळी. पण 'गाणं चांगलं होतं म्हणून चाललं' या वाक्यातला पोकळपणा त्यातून दिसतो.

मग सगळं नशीबच का? नाही. साल्गानिक आणि वॉट्स यांनी २००८ मध्ये त्याच प्रयोगाची पुढची पायरी मांडली. त्यांनी यादी मुद्दाम उलटी केली, म्हणजे सर्वांत नावडतं गाणं सर्वांत लोकप्रिय असल्याचं दाखवलं. बहुतेक गाण्यांच्या बाबतीत लोक त्या खोट्या आकड्याला फसले. पण सर्वांत चांगली गाणी हळूहळू चिकाटीनं वर सरकत राहिली. आणि त्याहून महत्त्वाचं, यादी उलटी केलेल्या जगात लोकांनी एकूण गाणीच कमी उतरवून घेतली. वरची दोन-चार ऐकून मन विटलं की माणूस खालची ऐकायला थांबत नाही.

ग्रुपमधून फुटलेल्या गायकाला मिळणारा पहिला क्रमांक मला याच दृष्टीनं धोक्याचा वाटतो. ठेवीच्या बळावर वर बसलेलं गाणं हजारो अनोळखी कानांपुढे येतं आणि ते साधारण असेल तर तेच कान दुसऱ्या अल्बमकडे वळत नाहीत. झेन मलिक मार्च २०१५ मध्ये वन डायरेक्शन या पॉप ग्रुपमधून बाहेर पडला. बरोबर वर्षानं आलेला त्याचा पहिला अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिला होता. डिसेंबर २०१८ मध्ये आलेला दुसरा अमेरिकेत ६१ वा आणि ब्रिटनमध्ये ७७ वा. यात थोडा भाग शुद्ध सांख्यिकीचा आहे. माणूस शिखरावर असताना ग्रुप सोडतो, म्हणून पुढचं मोजमाप खाली येण्याचीच शक्यता जास्त. एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी उंच आईबापांच्या मुलांमध्ये हेच पाहिलं होतं: ती सरासरीनं आईबापांइतकी उंच निघत नाहीत. पण पहिल्यावरून सत्त्याहत्तरावर येण्याचं कोडं तेवढ्यानं सुटत नाही. ठेव खर्च झाली होती आणि नवी माणसं आली नव्हती, असंच मी ते वाचतो.

बार्लोकडे परत येतो, कारण त्याला हरलेला म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल. २००६ मध्ये टेक दॅट विल्यम्सशिवाय पुन्हा एकत्र आला. चौघांनी मिळून लिहिलेलं 'पेशन्स', मुख्य आवाज बार्लोचाच. ते चौथ्या क्रमांकावर शिरलं, पहिल्यावर चढलं आणि तिथे चार आठवडे राहिलं. दहा वर्षांपूर्वी 'फॉरेव्हर लव्ह' टिकलं होतं एक आठवडा.