गावपातळीवरील आपत्ती पूर्वतयारी (ग्रामीण विदर्भ)

पूर, कोसळणारी वीज, उष्माघात आणि वन्यप्राण्यांचे हल्ले यांपासून माणसे वाचावीत म्हणून विदर्भातील गावे आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून करायची व्यवस्था. बचाव पथक तालुक्याहून किंवा नागपूरहून येईपर्यंतचे पहिले तास गावालाच निभवावे लागतात. त्यामुळे येथे सर्वाधिक मोल वेळेवर पोहोचलेल्या सूचनेला आहे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. पावसाळ्यात नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो (दूरध्वनी १०७७). तेथून निघालेला निरोप तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील आणि कोतवाल या क्रमाने उतरतो. मोबाइलवर संदेश येत असले तरी दवंडी आणि मंदिराचा भोंगा आजही लागतो. रात्री फोन बंद असलेल्या घराची कडी वाजवणारा माणूस लागतोच.

पुराचा धडा विदर्भाने मोवाडला घेतला. नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील या गावात ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने २०४ जणांचा बळी घेतला; पुढे गावाचे पुनर्वसन झाले. वैनगंगेचे संकट मात्र बरेचदा वरून, मध्य प्रदेशातून येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी आणि अतिवृष्टी यांमुळे नदी फुगली. गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, देसाईगंजपर्यंतची काठावरची गावे पाण्याखाली गेली. धरणातून निघालेले पाणी गावात यायला काही तास लागतात. जनावरे सोडणे, धान्य माळ्यावर चढवणे आणि म्हाताऱ्यांना शाळेत हलवणे याच तासांत उरकावे लागते, म्हणून विसर्गाचा आकडा गावाला कळणे हा गावाचा हक्क मानला पाहिजे. नदीचा स्वभाव जाणणारे ढीवर (मासेमार) आणि त्यांचे डोंगे अशा वेळी मोठा आधार असतात. गावाच्या आराखड्यात त्यांची नावे आधीच नोंदलेली असावीत. रपट्यावरून (ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असताना तो ओलांडू नये, ही सूचना दरवर्षी द्यावी लागते आणि दरवर्षी कोणीतरी ती मोडतो.

विजेचा धोका भाताच्या रोवणीच्या दिवसांत वाढतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजेची सूचना देते, परंतु बांदीत (भाताच्या खाचरात) चिखलात राबणाऱ्या बायांच्या हाती फोन नसतो. गडगडाट ऐकू येताच काम थांबवून पक्के घर गाठणे आणि एकट्या झाडाखाली न थांबणे, एवढे तरी मजूर लावणाऱ्याने पाळलेच पाहिजे. मजुरी बुडेल या भीतीने बाया बांदी सोडत नाहीत, म्हणून थांबलेल्या वेळेचीही मजुरी मिळायला हवी.

उन्हाळ्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत उष्माघात कक्ष उघडतात, आशा सेविका घरोघर क्षारसंजीवनी देतात आणि शेतमजूर सकाळीच काम उरकतात. याच दिवसांत मोहफूल व तेंदूपत्ता वेचायला माणसे भल्या पहाटे जंगलात जातात. वाघांच्या पट्ट्यात वन विभाग आणि गावातील प्राथमिक प्रतिसाद दल गटाने जाण्याची सूचना देतात.

गडचिरोलीत तयारीचे रूप आणखी वेगळे आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यामुळे दुर्गम गावांचे पावसाळ्यातील रेशन आधीच पोहोचवले जाते आणि दिवस भरत आलेल्या गरोदर महिलांना आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघर’मध्ये आणून ठेवले जाते.