गोळी, चहा आणि अर्धं लिंबू

नागपुरातल्या एका अंगणवाडीत ताईंनी गरोदर बायांना मिळणारी लोहाची लाल गोळी घेतली. वरचा रंग धुऊन काढला, वरवंट्याने ठेचली आणि पाण्यात कालवली. ते पाणी ग्लासातल्या कोऱ्या चहात ओतून ढवळलं, तर बघता बघता चहा शाईसारखा काळा झाला. समोर बसलेल्या बायांतून आवाज आला, "माय वो! आपल्या पोटात बी असंच होते का?"

बरंचसं असंच. आणि 'शाईसारखा' ही नुसती उपमाही नाही. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य, हिराकशीत लोह. चहातलं टॅनिनही लोहाला असंच बांधून टाकतं, मग आतड्याला ते शोषता येत नाही. डाळ, ज्वारी, पालेभाजी यांतलं लोह मटणातल्या लोहापेक्षा मुळातच कमी अंगी लागतं. त्यात जेवणासोबत चहा घेतला की त्यातलंही निम्म्याहून जास्त वाया जाऊ शकतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आणि वस्तीत जाऊन आपण सांगतो काय, तर सफरचंद खा, डाळिंब खा! चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची ही थट्टाच आहे. शिवाय सफरचंदात लोह नावापुरतंच असतं. कापल्यावर ते तांबूस पडतं, पण त्याचा लोहाशी संबंध नाही.

ताईंनी मग त्याच ग्लासात अर्धं लिंबू पिळलं. काळा रंग बराच उतरला. लिंबातलं क जीवनसत्त्व आणि आंबटपणा मिळून लोहाला आतड्यात शोषलं जाईल अशा रूपात ठेवतात. मात्र क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं, म्हणून लिंबू पिळायचं ते भाजी चुलीवरून उतरवल्यावर, नाहीतर थेट ताटात. हंगामात हातगाडीवर स्वस्तात मिळणारी बारकी संत्रीही हेच काम करतात. चण्याला, मटकीला मोड आणले तर लोह अडवणारं फायटेटही कमी होतं.

आपले तर्री-पोहे या हिशेबात झकास बसतात. चण्याची तर्री, वरून लिंबू, कांदा, सांबार (पुण्याच्या वाचकांसाठी: कोथिंबीर). घोळ होतो तो पुढे, त्याच ठेल्यावर लगेच चहा मागवला की.

'चहा सोडा' असं सांगून मात्र काही होत नाही. पहाटे कामाला निघणाऱ्या कितीतरी बायांचा चहा हाच नाश्ता असतो, भूक मारायला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेला सल्ला त्यापेक्षा जमण्यासारखा आहे: जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा नको.

विदर्भात आणखी एक पेच आहे, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी दिसतं. लोह कमी असेलच असं नाही. वरचेवर रक्त चढवावं लागणाऱ्यांच्या शरीरात तर लोह साठत जातं. तेव्हा बाई फिकट दिसली की शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या, हे इथे चालत नाही. आधी रक्त तपासायचं.

बाया उठायला लागल्या. मघाशी 'आपल्या पोटात बी?' विचारणारी मात्र ग्लासाकडेच बघत होती.

"मंग ताई, मी त दोन महिन्यापासून गोळी चहासंगच गिळून राह्यली ना!"