अमेरिकेची फेडरल नोकरशाही

अमेरिकेच्या केंद्र सरकारचा रोजचा कारभार जी खाती, एजन्सी, आयोग आणि कॉर्पोरेशनं चालवतात त्या सगळ्यांना मिळून फेडरल नोकरशाही म्हणतात. पोस्ट आणि सैन्य सोडून इथे साधारण २० लाखांच्या आसपास लोक काम करतात आणि त्यातले बहुतेक वॉशिंग्टनमध्ये नाहीत, देशभर पसरलेले आहेत.

वरच्या थरात १५ कॅबिनेट खाती. १७८९ मध्ये परराष्ट्र, अर्थ आणि युद्ध एवढीच तीन होती, बाकीची गरज पडली तशी वाढली, आणि सगळ्यात नवं होमलँड सिक्युरिटी, जे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००२ च्या कायद्याने २२ एजन्सी एकत्र करून बनवलं. इथे आपला हमखास गोंधळ होतो तो 'सेक्रेटरी' या शब्दाचा. आपल्याकडे सेक्रेटरी म्हणजे आयएएस अधिकारी आणि त्याच्या वर मंत्री, तिकडे सेक्रेटरी हाच मंत्री. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, मंजुरी देतं आणि त्याला काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य राहता येत नाही.

खात्यांच्या बाहेर नासा (१९५८), पर्यावरण बघणारी ईपीए (१९७०) अशा स्वतंत्र एजन्सी आहेत, शेअर बाजारावर लक्ष ठेवणारं एसईसी किंवा रेडिओ-टीव्ही-फोनचं एफसीसी (दोन्ही १९३४) असे अनेक सदस्यांचे आयोग आहेत, आणि टपाल खातं, अ‍ॅमट्रॅक रेल्वे अशा कंपनीसारख्या चालणाऱ्या संस्थाही आहेत.

कामाची वाटणी किती बारीक असते ते फ्रोझन पिझ्झाच्या खोक्यावर कळतं. नुसता चीज पिझ्झा असेल तर तो अन्न-औषधं बघणाऱ्या एफडीएच्या अखत्यारीत, म्हणजे आरोग्य खात्यात, पण त्यावर पेपरोनी आली की मांस आलं, मग तो कृषी खात्याचा, खोक्यावर त्यांचा गोल शिक्का, आणि कारखान्यात काम चालू असेल त्या दिवशी त्यांचा इन्स्पेक्टर येणारच, एफडीएची तपासणी मात्र बऱ्याच अंतराने होते. असं कुणी ठरवून आखलेलं नाही, वेगवेगळ्या काळात वेगवेगळे कायदे झाले आणि प्रत्येक कायद्याने आपापलं काम आपापल्या ऑफिसला दिलं, एवढंच.

पुण्या-मुंबईच्या पोरांना हे एच-वन-बी, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसामध्ये भेटतं. कंपनी आधी पगाराचा अर्ज कामगार खात्याकडे करते, मग पिटिशन होमलँड सिक्युरिटीतल्या, इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या यूएससीआयएसकडे, ते मंजूर झाल्यावर व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी बीकेसीतल्या कॉन्सुलेटला जायचं, ते परराष्ट्र खातं, आणि शेवटी विमानतळावर आत सोडायचं की नाही ते सीमेवरची तपासणी करणाऱ्या सीबीपीचा अधिकारी ठरवतो. सोशल सिक्युरिटी नंबर देणारं ऑफिस आणखी वेगळं. त्यामुळे 'एम्बसीने अडकवलं' असं सरसकट म्हणण्याआधी फाईल नक्की कुणाच्या टेबलावर आहे ते बघावं, निम्मी धावपळ तिथेच वाचते.

नोकरभरतीचा इतिहास मात्र रक्ताने लिहिलेला आहे. आधी निवडणूक जिंकली की पक्षाच्या माणसांना नोकऱ्या वाटायच्या अशीच रीत होती, अँड्र्यू जॅक्सनच्या काळात ती पक्की झाली. १८८१ मध्ये पद न मिळाल्याने चिडलेल्या चार्ल्स गिटोने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळ्या घातल्या, ते अडीच महिने झुंजून गेले, आणि १८८३ ला पेंडलटन कायदा आला, म्हणजे परीक्षा घेऊन गुणवत्तेवर भरती. सुरुवातीला तो थोड्याच नोकऱ्यांना लागू होता, मग वाढत गेला. आज राजकीय नेमणुका साधारण ४ हजार, बाकी सरकारं बदलली तरी तेच लोक. माझ्या मते अमेरिकन राज्यकारभारातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, कारण धरणाचा, औषधाचा, विमानाचा जाणकार दर चार वर्षांनी नवा आणता येत नाही.

एजन्सी नुसते कायदे राबवत नाहीत, नियमही बनवतात. १९४६ च्या कायद्याप्रमाणे सहसा आधी मसुदा 'फेडरल रजिस्टर' या सरकारी गॅझेटमध्ये छापायचा, लोकांच्या सूचना घ्यायच्या, त्यातल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर द्यायचं आणि मगच नियम पक्का. नियम न पटला तर कोर्टात जाता येतं, आणि २०२४ पासून कायद्याचा अर्थ लावताना कोर्टाने एजन्सीचं म्हणणं मानलंच पाहिजे असं राहिलेलं नाही. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या, डिग्री असून घरी बसलेल्या कितीतरी मराठी बायकांना नोकरीची वाट मिळाली ती याच पद्धतीने. २०१४ ला मसुदा, मग लोकांच्या सूचना, आणि मे २०१५ पासून नियम लागू, तोही सरसकट नाही, ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम ठराविक टप्प्यापर्यंत गेलंय त्यांनाच.