कडक की खिळखिळी? जुनी स्पोर्ट्स कार पारखताना

बेळगावात जुनी स्पोर्ट्स कार दाखवणाऱ्या एजंटचं एक वाक्य ठरलेलं असतं: “स्पोर्ट्स गाडी म्हटल्यावर एवढं लागणारच की ओ!” खड्ड्यात कमरेला दणका बसला की हे वाक्य येतं, आणि पुढच्या वळणावर खालून खट्ट वाजलं तरी तेच. दणक्याच्या बाबतीत तो बहुधा खरं बोलत असतो, आवाजाच्या बाबतीत जवळजवळ कधीच नाही. कडकपणा हा या गाड्यांचा स्वभाव असतो, खिळखिळेपणा हा आजार. पाठीला दोन्ही सारखेच लागतात, म्हणून तर फसगत होते.

गाडीचं वजन चार स्प्रिंगांवर तोललेलं असतं. दाबून सोडली तर ती आपल्या ठरावीक लयीत वर-खाली होते. साध्या घरगुती गाडीत ही लय सेकंदाला १ ते १.५ हेलकावे इतकी असते, स्पोर्ट्स कारमध्ये साधारण १.५ ते २. फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब करून बघा: १.२ च्या लयीची गाडी नुसत्या स्वतःच्या वजनानं सुमारे १७ सेंटिमीटर खाली बसते, १.८ ची जेमतेम ८. ताठ स्प्रिंग आणि चाकाला वर जायला कमी जागा, हे दोन्ही जोडीनं येतं. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून कंपनीनं ते मुद्दाम केलेलं असतं, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ डोलत राहिली असती. ते डोलणं मारण्याचं काम शॉक ॲब्सॉर्बरचं, गॅरेजच्या भाषेत शॉकअपचं. आतला दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकलतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, हायड्रॉलिकचं काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शॉकअप धडधाकट असेल तर एक पूर्ण हेलकावा संपेपर्यंत मूळ उसळीचा सातवा हिस्सा उरतो. थकलेल्या शॉकअपमध्ये निम्मी उसळी शिल्लक राहते, पुढच्या हेलकाव्यात तिच्या निम्मी. म्हणून धक्का किती जोरात बसला हे मनावर घेऊ नका, तो किती वेळा बसला ते मोजा. चांगली स्पोर्ट्स कार एकदा लागते आणि गप्प होते.

बॉनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन गाडी दाबायची आणि किती वेळा उसळते ते बघायचं, ही जुनी चाचणी इथे फारशी कामाची नाही. ताठ स्प्रिंग हाताला दाद देत नाही, आणि हाताची गती इतकी मंद असते की शॉकअपच्या ज्या झडपा खड्ड्यात उघडतात त्या या दाबण्यानं जागच्या हलतही नाहीत. दाबल्यावर गाडी तीनदा डोलली तर शॉकअप नक्की गेलेत. डोलली नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

ट्रायलला निघण्याआधी टायरची हवा मोजा, तीही टायर थंड असताना. चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे कंपनीचा आकडा चिकटवलेला असतो. तिथे ३६ लिहिलंय आणि टायरमध्ये २६ भरलीय, असं निघालं तर गाडी मऊ वाटण्याचं कारण तेच. विकणाऱ्याची ही युक्ती जुनी आणि फुकटातली आहे. आधी हवा बरोबर करून घ्या, मगच गाडी हलवा. टायरची उंचीही बघून ठेवा. २२५/४० आर १८ या टायरची भिंत रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. साध्या सेडानच्या २०५/५५ आर १६ ला ११३ मिलिमीटर मिळतात. भिंतीतली ही सव्वादोन सेंटिमीटरची तूट प्रत्येक खड्ड्यात जाणवते. रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे, टायर असतील तर भिंत आणखी ताठ. ते काढून साधे घातल्यावर काही गाड्या ओळखू येणार नाहीत इतक्या सुधारतात, मात्र मग डिकीत स्टेपनीची किंवा पंक्चर किटची सोय हवी.

टायरच्या भिंतीवरचे शेवटचे ४ आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. हौसेच्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे नक्षी भरपूर आणि रबर मात्र दगड झालेलं, असं सर्रास दिसतं. सहा-सात वर्षांचा टायर असेल तर नव्या जोडाचे पैसे किमतीतून वजा करूनच बोला. आता नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर चाकांचा टो, म्हणजे वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. ठरावीक अंतरावर वाटीसारखे खोलगट भाग लागले तर चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारत चाललंय, म्हणजे पुन्हा शॉकअप. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा थोडी जास्त झिजणं या गाड्यांत स्वाभाविक आहे, पण आत तारा दिसत असतील तर नाही. ही आतली कड उभ्यानं दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून खाली वाका, नाहीतर गाडी लिफ्टवर घ्या.

लिफ्टवर घ्याच. दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना पंधरा मिनिटांत जे कळतं ते तासभराच्या ट्रायलमध्ये कळत नाही. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवा: खेळ असेल तर टाय रॉड एंड. लोअर आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशाला, म्हणजे सांध्यातल्या रबराला, टॉमी (लोखंडी पहार) लावून हलका जोर द्या. रबरावर केसासारख्या भेगा चालतात. रबर धातूपासून सुटलेलं असेल, तर ब्रेक मारल्यावर येणारा तो एकच ‘ठक’ तिथून येतोय. शॉकअपवर धूळ चिकटलेला तेलकट ओलावा आणि खालपर्यंत ओघळलेलं तेल यांत फरक आहे. पहिल्यावर लक्ष ठेवा, दुसऱ्यावर भाव पाडा. शॉकअप एकटा बदलत नाहीत, एका ॲक्सलचे दोन्ही बदलतात.

स्प्रिंगचं टोक टॉर्च लावून बघा. कंपनीचं टोक नीट घडवलेलं आणि रंगवलेलं असतं. ग्राइंडरनं कापलेलं टोक सपाट आणि गंजलेलं दिसतं. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगचा एक वेढा कापायची खोड आपल्याकडे भरपूर आहे. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्क्यांनी ताठ होते. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशेबानं बनवलेला असतो, त्याला ही नवी उसळी आवरत नाही. शिवाय गाडी खाली आल्यानं खड्ड्यात ती सारखी बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. हा बंप स्टॉप तुकडे होऊन पडलेला दिसला तर पुढचं विचारायची गरज नाही.

तिथेच चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिक जरा ओढून मागची माती पाहा. खानापूर-जांबोटी पट्ट्यात आणि पुढे गोव्यापर्यंत माती तांबडी, अथणी-रायबागकडे काळी. “गाडी शहराबाहेर गेलीच नाही” म्हणणाऱ्याच्या गाडीत तांबडा थर बोटभर जमलेला असतो. गोव्याला जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यानं धावलेली गाडी टाकाऊ नसते, पण जांबोटी-कणकुंबीचा पाऊस आणि समुद्राकाठचा मुक्काम तिनं भोगला असेल तर सबफ्रेमचे (बॉडीखालच्या लोखंडी चौकटीचे) बोल्ट आणि ब्रेकच्या पोलादी नळ्या दोनदा बघाव्या लागतात.

आता रस्ता. इंजिन थंड असतानाच सुरू करा. मालकानं आधीच तापवून ठेवलं असेल तर बॉनेटवर हात ठेवल्यावर कळतं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटसारखे रूळ १० ते १५ च्या वेगानं, काच उघडी ठेवून आणि म्युझिक बंद करून ओलांडा. सुटी, कोरडी खटखट बहुतेक वेळा लिंक रॉडची, म्हणजे कलंडणं रोखणाऱ्या दांड्याला चाकाशी जोडणाऱ्या छोट्या सळईची. तो स्वस्तातला भाग आहे, त्यावरून सौदा मोडू नका. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग ताणून सुटल्यासारखी ‘टंग’ वाजली तर शॉकअपच्या माथ्यावरचं माउंटिंग. गावागावांतले गतिरोधक एकदा सरळ आणि एकदा तिरके घ्या. तिरके घेतल्यावर बॉडी करकरली, तर डेंटिंग-पेंटिंगच्या आधी काय घडलं होतं ते शोधायला हवं.

राष्ट्रीय महामार्गावर काकतीच्या पुढे वेग वाढवला की दुसऱ्या तऱ्हेचा दोष बोलू लागतो. वर सांगितलेल्या १८ इंची टायरचा घेर बरोबर २ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटरला गाडी सेकंदाला पावणेअठ्ठावीस मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. चाक आणि त्याला जोडलेल्या जड भागांची स्वतःची लय १० ते १५ हेलकाव्यांची असते. दोन्ही जुळल्या की बॅलन्सिंगमधली ग्रॅमभर चूकही मोठी होऊन हातात येते. म्हणून थरथर ८० ला सुरू होते, १०० ला जोर करते आणि १२० ला गायब झाल्यासारखी वाटते. ‘त्याच्या पुढे पळवली की बंद होते’ हा युक्तिवाद ऐकून घ्या, मानू नका. स्टिअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची. बॅलन्सिंग करूनही गेली नाही तर बहुधा अलॉय रिम वाकलेली असते. फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, व्हर्नियर लावून पडताळा. वंटमुरीच्या उतारावर दोन-तीनदा जोरात ब्रेक लावून बघायला हरकत नाही, अर्थात मागे ट्रक नसताना.

उड्डाणपुलांचे सांधे फार कामाचे. सांध्यावरून गेल्यावर ‘धप्’ एकदाच यायला हवं. त्यामागून बॉडी वर उचलली जाऊन पुन्हा खाली बसत असेल तर मागचे शॉकअप संपलेत.

कानावर आणि पाठीवर विश्वास नसेल त्यानं फोन वापरावा. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक असतो, आणि जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं बनवलेलं ‘फायफॉक्स’ हे फुकट ॲप त्याचा आलेख काढतं. फोन सीटवर नको, सीटचा फोम धक्के गिळतो. गाडीच्या फरशीवर दुपदरी टेपनं घट्ट चिकटवा. एकच गतिरोधक ताशी २० नं तीनदा घ्या. उंच टोकाकडे बघू नका, त्यामागची शेपटी बघा: एका-दोन लाटांत सपाट झाली तर उत्तम, चार-पाच लाटा दिसल्या तर विकणाऱ्यालाच दाखवा. आलेखाशी हुज्जत घालणं एजंटलाही जड जातं.

काही महागड्या गाड्यांत शॉकअपचा कडकपणा बटणावर बदलतो. ऑडीच्या मॅग्नेटिक राइडमध्ये तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. चुंबकीय क्षेत्र दिलं की ते रांगा धरतात आणि तेल क्षणात दाट होतं. अशा गाडीत कम्फर्ट आणि स्पोर्ट यांत फरक जाणवलाच पाहिजे. जाणवला नाही तर प्रणाली बंद पडलेली आहे, किंवा कुणी मूळ शॉकअप काढून साधे बसवलेत. एका चाकाच्या दुरुस्तीचा आकडा ऐकूनच पुष्कळ सौदे बारगळतात.

बॉडीच्या रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्यानं मिळालं तर घ्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन, लांबी (पुट्टी) भरलेली जागा ५०० च्या वर. लोहचुंबक चिकटतो का बघायचा जुना उपाय दुसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीवर फसतो, कारण तिची बरीचशी बॉडीच ॲल्युमिनियमची आहे. यंत्रही ॲल्युमिनियम मोजणारं लागतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची असंख्य वाहनं बुडाली होती. त्यामुळे निपाणी-चिकोडीकडची किंवा कोल्हापूर-सांगलीहून आलेली त्याआधीची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बाहेरचं सगळं धुऊन निघतं, पण गुंडाळीच्या आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते. सीटखालचे रूळ आणि स्टेपनीचा खळगाही बघा.

इंजिनाबद्दल थोडक्यात: चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावल्यावर एकही दोष दिसला नाही, पण त्याच्या स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर दोषांचे कोड बहुधा कालपरवाच पुसलेत. पोर्शच्या गाड्यांत इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं गेलं याची नोंद संगणकात राहते, ती मागा.

कागदांत सीमाभागाची एक खास अडचण. एमएच ०९ (कोल्हापूर) किंवा गोवा पासिंगची गाडी इथे स्वस्त वाटते, पण १२ महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी आणून केए २२ ला (बेळगावला) नव्यानं नोंदणी करावी लागते आणि कर्नाटकचा आजीवन कर भरावा लागतो. गाडी महाग तितका कर मोठा. भाव ठरवण्याआधीच तो आकडा आरटीओतून काढून घ्या.

सगळं जमलं तर शेवटी कॉम्प्युटर अलाइनमेंट करून दुरुस्तीआधीच्या आकड्यांचा कागद मागून घ्या. पुढच्या डाव्या आणि उजव्या चाकाच्या कॅम्बरमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या तिरकेपणात, अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर काहीतरी वाकलेलं आहे, आणि ते टो बदलून सरळ होत नाही. अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी डिकीत लॉक नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटाची) चावी आहे का तेवढं बघा. पेरूएवढा तो लोखंडी तुकडा हरवलेला असेल, तर चाकही निघत नाही आणि तपासणी तिथेच थांबते.